नऊनंतर फाटक बंद

२ एप्रिल, बुधवार

दादाने अखेर मान्य केलं. मी हरणार अशी खात्री पटली की दादा फार उदार होतो. लहानपणी पत्त्यांतही असंच करायचा.

घर आम्हा दोघांच्या नावावर. राहते मी एकटी, आणि विकायची घाई त्याला. गिऱ्हाईकही तयार आहे. समोरचा दंतवैद्य, ज्याला मी पाठीमागे दातवाला म्हणते, त्याने दवाखान्याच्या वर प्रवाशांसाठी चार खोल्या काढल्यात आणि आता त्या प्रवाशांच्या गाड्या लावायला त्याला जागा हवी आहे. ती जागा म्हणजे आमचं घर. बाबांनी विटा मोजून बांधलेल्या भिंती पाडून तिथे गाड्या उभ्या राहणार, आणि हे मला सांगताना दादाचा आवाज इतका मऊ होता की जणू माझ्याच तब्येतीसाठी चाललंय सगळं.

अट ठरली ती अशी. वरचा मजला मी तळ्यावर येणाऱ्या प्रवाशांना भाड्याने द्यायचा. एकतीस मेला वारं सुटतं म्हणून होड्या बंद होतात, हंगाम संपतो. तोपर्यंत पाहुण्यांचे दोन चांगले अभिप्राय मिळाले, चार तारे किंवा त्याहून वर, तर विक्रीचा विषय कायमचा बंद. नाही मिळाले तर एक जूनला मी सही करायची आणि त्याच्याकडे, त्याच्या मागच्या खोलीत राहायला जायचं.

"आणि पाहुणे परके हवेत," दादा म्हणाला. "तुझ्या मैत्रिणी चालणार नाहीत."

मला मैत्रिणी नाहीत हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी अट घातलीच. काही माणसं कायदा न शिकताच वकील होतात.

सव्वीस वर्षं मी मुलींचं वसतिगृह चालवलं. एकशे चाळीस मुली, एक फाटक, एक कुलूप. पाठीमागे मला कुलूपबाई म्हणायच्या. स्नानगृहाच्या भिंतीवर एकीने लिहूनही ठेवलं होतं. अक्षर सुरेख होतं म्हणून मी आठवडाभर पुसू दिलं नाही. अशा बाईला दोन-चार प्रवासी आवरणार नाहीत असं ज्याला वाटतं, त्याची कीव करावी.

५ एप्रिल, शनिवार

वरचा मजला घासून काढला. दोन खाटा, एक लोखंडी कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीतून तळं दिसतं, म्हणजे दातवाल्याच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडून रुमालाएवढं दिसतं.

भाड्याच्या खोल्यांच्या त्या कंपनीत खातं वहिनीने उघडून दिलं. दुपारी फोन करून, दादा कामावर असताना. दुपारशिवाय वहिनीचा फोन कधी येतच नाही; बाकीच्या वेळी बहुतेक झोपा काढत असावी. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण "हो का" आणि "बघते" याखेरीज तिसरं वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिला काही विचारलं तर उत्तर दादा देतो. पण फोनमधली ही बटणं दाबायला तिला जमतं. माकडालाही जमतं म्हणे, शिकवलं तर.

"पासवर्ड माझ्याकडेही राहू दे, वन्सं," म्हणाली. "तुम्ही विसरलात तर."

मी आजवर काही विसरलेली नाही, असं मी तिला ऐकवलं.

"हो का," म्हणाली.

कंपनी म्हणते, आपल्या जागेविषयी मनापासून लिहा. लिहिलं. "खोली बारा बाय चौदा. तळं दिसतं, पण मान वाकडी करावी लागते. पाणी सकाळी सहा ते आठ जोरात, नंतर करंगळीएवढं. गाद्या कडक आहेत. ज्यांना लोळायचं आहे त्यांनी समोर चौकशी करावी." खाली नियम. एकूण एकतीस झाले. वसतिगृहात अठ्ठेचाळीस होते; सुट्टीवर येणारी माणसं म्हणून सैल सोडलं.

९ एप्रिल, बुधवार

या यंत्रांना अक्कल आहे असं जे म्हणतात त्यांना माझ्यासमोर उभं करा. माझ्या एकतीस नियमांचे रातोरात सहा झाले. तळ्याबद्दलचं वाक्य "खिडकीतून तळ्याचं दर्शन" असं झालं. गाद्यांचं वाक्य गायब. आणि शेवटी, मी न लिहिलेलं: "मालकीणबाई वरून कडक वाटल्या तरी मनाने प्रेमळ आहेत."

पुन्हा सगळं लिहिलं. सकाळी पुन्हा सहा. तिसऱ्यांदा लिहिलं. सहा.

वहिनीला विचारलं. "हल्ली यंत्रं आपली आपणच दुरुस्त करतात म्हणे," ती म्हणाली. तिला काय कळतंय. कंपनीला कडक पत्र धाडलं. उत्तर आलं, "तुमची अडचण आमच्यासाठी महत्त्वाची आहे." महत्त्वाची आहे तर दूर करा की. पत्राखाली सहीसुद्धा नव्हती.

नऊनंतर फाटक बंद, हा नियम मात्र त्या सहांत शिल्लक आहे. यंत्रालाही तेवढी भीड पडली म्हणायची.

१४ एप्रिल, सोमवार

नऊ दिवसांत एक विचारणा नाही. समोर मात्र जत्रा. दातवाल्याच्या गच्चीत रंगीत दिव्यांच्या माळा, अंगणात प्लास्टरचे तीन बेडूक, आणि दारावर पाटी: "इथे फक्त हसायला परवानगी आहे." हसतील नाही तर काय, खाली दात काढून मिळतात.

आज स्वतः चालत आला. हात मागे बांधून, घर बघत. माणूस दाढ बघतो तसं.

"ताई, खोली देऊन भागत नाही. वातावरण द्यावं लागतं."

"म्हणजे बेडूक?"

"बेडूकच असं नाही. काहीतरी आठवण राहील असं."

"नियम लक्षात राहतात," मी म्हटलं.

हसला. दात स्वतःचेच आहेत की नाही, शंका येते. म्हणाला, निदान फोटो तरी नीट काढून घ्या, आणि त्याचा फोटोवाला पाठवून दिला. फोटोवाल्याने आल्या आल्या माझ्या पांढऱ्या चादरीवर चहाची कपबशी ठेवली, शेजारी पालथं पुस्तक. चादरीवर चहा आढळला तर वसतिगृहात तीन दिवस धुणं लावत असे मी. कपबशी उचलली, पुस्तक बंद करून टेबलावर ठेवलं.

"मग निदान तुम्ही खिडकीशी उभ्या राहा," म्हणाला. "आणि जरा हसा."

"कशाला?"

"लोकांना बरं वाटतं."

"लोक इथे झोपायला येणार. दात बघायचे असतील तर समोर जातील."

फोटो काढले. मी सगळ्यांत ओळखपत्रावर असते तशी आले आहे. स्पष्ट, समोरून, दोन्ही कान दिसतील अशी.

२१ एप्रिल, सोमवार

पहिली नोंदणी. नवरा-बायको, सव्वीस तारखेपासून दोन रात्री. मी दादाला ताबडतोब फोन केला.

"अरे वा," म्हणाला, आणि लगेच, "दातवाले काल भेटले होते. जून उजाडायची वाट बघतायत."

माझा शब्द याच्या तोंडी. त्याला दंतवैद्य म्हणावं एवढं तरी भान हवं.

मागून वहिनीचा आवाज आला, "मिळाले का पाहुणे?" आणि दादाने तिला काहीतरी सांगितलं, त्यावर ती गप्प झाली. दोन मोठ्या माणसांच्या बोलण्यात नाक खुपसायची तिला फार हौस.

२७ एप्रिल, रविवार

काल चारला आले. तिच्या डोक्यावर चहाच्या टेबलाएवढी टोपी. जिना चढताना टोपी भिंतींना घासत होती. तो आल्या आल्या वायफायचा पासवर्ड विचारायला लागला, पाणी नंतर.

"तुम्ही फार प्रेमळ आहात असं वाचलं," ती म्हणाली.

"लिहिलंय खरं," मी म्हटलं. यंत्राच्या चुकीसाठी मी का बोलणी खावीत.

फाटक नऊला बंद होतं हे दोनदा सांगितलं. संध्याकाळी तळ्यावर गेले. नऊ वाजले, कुलूप लावलं. नऊ वाजून बावीस मिनिटांनी दोघं गजांच्या पलीकडे.

"किती वाजले?" मी विचारलं.

"अहो, सुट्टीवर आहोत आम्ही," तो म्हणाला.

"सुट्टीवर घड्याळ बंद पडतं का?"

"मावशी, उघडा ना," ती.

मी कोणाची मावशी नाही. पण त्यांना बाहेर ठेवण्याचाही माझा विचार नव्हता. वसतिगृहातसुद्धा मी कुठल्याही मुलीला बाहेर ठेवलं नाही, फक्त कारण लिहून घेतलं. तसंच केलं. गजांमधून दोन कागद आणि दोन पेनं दिली. उशिराचा खुलासा, दोघांचा वेगवेगळा. एकत्र लिहू दिला की संगनमत होतं. त्याने लिहिलं, जेवण उशिरा आलं. तिने लिहिलं, सूर्यास्त बघत होतो. सूर्य सातच्या आत बुडाला होता. तफावत लाल शाईने अधोरेखित केली, कुलूप उघडलं, शुभ रात्री म्हटलं.

आज सकाळी सातला निघून गेले. एक रात्र आधीच. टोपी खुंटीवर राहिली होती ती मी धावत जाऊन गाडीत दिली. कोणी आभार मानले नाहीत.

२९ एप्रिल, मंगळवार

दोन तारे. "खोली स्वच्छ आहे. मालकीणबाईंनी उशिरा आल्याबद्दल लेखी खुलासा मागितला आणि तपासून परत दिला."

तपासून परत दिला, हे तक्रारीत घातलंय. न तपासता ठेवून घेतला असता तर बरं वाटलं असतं का यांना?

दादाला अभिप्राय कळला होता. फोनवर एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मागची खोली रंगवून घेतो," म्हणाला. "फिका पिवळा चालेल ना? वहिनी करेल तुझं सगळं. तिला काय काम असतं."

दुपारी वहिनीचा फोन. आवाज इतका खाली की दोनदा "मोठ्याने बोल" म्हणावं लागलं.

"वन्सं, घर सोडू नका."

"मी सोडतेय का? सोडवतोय तो."

"इकडे यायची वेळ येऊ देऊ नका. मी सांगते म्हणून. इकडे येऊ नका."

घ्या. तीस वर्षांत पहिल्यांदा तिसरं वाक्य बोलली आणि ते हे. माझी अडचण व्हायला हिच्या घरात अशी कोणती जागा अडते? मी एका कपात चहा पिते, एका ताटात जेवते, आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. सख्खा भाऊ बोलावतोय आणि परक्या घरातून आलेली ही दार लावतेय. मी फोन ठेवला.

१ मे, गुरुवार

अभिप्रायाला यजमानाने उत्तर द्यायची सोय असते, हे आज कळलं. सकाळी बसून लिहिलं.

"पाहुणे नऊ वाजून बावीस मिनिटांनी आले. फाटक नऊला बंद होतं. हे त्यांना दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा पाटीवर होतं. या घरात मोठ्याने गाणी लागत नाहीत. मालकीणबाई गप्पा मारायला येत नाहीत, तुम्ही कोण, काय करता, किती मुलं, हे विचारत नाहीत. गाद्या कडक आहेत. खिडकीतून तळं फारसं दिसत नाही. मी प्रेमळ असल्याचं वाक्य माझं नाही, कंपनीचं आहे. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी येऊ नये."

हे उत्तर मात्र यंत्राने जसंच्या तसं ठेवलं. एक शब्द सुधारायला गेले तेव्हा कळलं, एकदा टाकलं की ते कोणालाच बदलता येत नाही. वहिनीने दुपारी दोनदा फोन केला. घेतला नाही. कोणाला जराही राग येऊ नये असं जगायचं असेल तर बाईने वहिनी व्हावं.

८ मे, गुरुवार

काल एक निरोप आला. "आपलं उत्तर वाचलं. फाटक नऊला खरंच बंद होतं का, की नुसतं लिहिलंय?"

मी लिहिलं, "खरंच."

पाच मिनिटांत नोंदणी. एकटा गृहस्थ, दहा ते सतरा मे. माझ्या कडक गाद्यांची कीर्ती पोचलेली दिसते. पाठीचं दुखणं असणार.

१३ मे, मंगळवार

पाठीचं दुखणं नाही. पंचेचाळिशीचा माणूस, हिशेबनिसांच्या कसल्याशा परीक्षेला सातव्यांदा बसतोय. पहिल्या दिवशी फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "संध्याकाळी सहाला द्या. मी आधी मागितला तरी देऊ नका."

"मागितलात तर लेखी मागा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा खुलला की मला क्षणभर भीतीच वाटली. काल चारला खाली आला, कागद दिला: "फोन हवा आहे. कारण: कंटाळा." मी शेरा मारला, "कारण अपुरं," आणि कागद परत दिला. तो खरोखर वर जाऊन अभ्यासाला बसला. त्याच्या बायकोचा मला फोन आला होता. म्हणाली, "बाई, आणखी आठवडाभर ठेवून घेता का?" काय माणसं असतात. नवऱ्याला असं टाळायचं?

१८ मे, रविवार

पाच तारे. "मालकीणबाई अजिबात प्रेमळ नाहीत. उत्तम." पुढे एक ओळ, "सात दिवसांत जे झालं ते पाच वर्षांत झालं नव्हतं."

बोलणं जरा तिरकं आहे पण तारे पाच. एकूण रंग, टेबलाची जागा, पडदे वगैरे आवडलं असावं.

एक झाला. दादाला सांगितलं. "एक," म्हणाला. हसला नाही.

वहिनी म्हणाली, "हो का," पण मागून भांडं पडल्यासारखा आवाज आला. हाताला धरबंद नाही बाईच्या.

२४ मे, शनिवार

सव्वीस ते तीस, एक बाई. निरोप एकच ओळीचा: "खरंच कोणी काही विचारत नाही?" मी उत्तर दिलं, "नाही." त्यावरही तिने काही विचारलं नाही. बरी दिसते.

दातवाला दादाशी माझ्या फाटकापाशी बोलत होता. दादा कधी आला मला माहीत नाही. चालत चालत दोघं कुंपणाच्या कडेने पावलं मोजत होते. मी खिडकी उघडली तेव्हा दादाने हात हलवला, लग्नाच्या मांडवात हलवतात तसा.

२८ मे, बुधवार

बाई पन्नाशीच्या असतील. सकाळी खुर्ची खिडकीशी ओढतात आणि बसतात. पुस्तक नाही, फोन नाही, टाकीच्या डावीकडचं रुमालाएवढं तळं तेवढं बघत. मी चहा दाराबाहेर ठेवते, कप परत दाराबाहेर येतो, विसळून. सव्वीस वर्षांत एकशे चाळीस मुलींपैकी एकीलाही हे शिकवता आलं नाही मला.

आज जिन्यात एवढंच बोलणं झालं.

"मी एका कंपनीच्या तक्रार विभागात असते," म्हणाल्या. "दिवसाला दोनशे माणसं मला शिव्या घालतात, आणि फोन ठेवताना मला किती तारे द्यायचे ते ठरवतात."

"वाईट," मी म्हटलं.

"म्हणून मी स्वतः कोणाला तारे देत नाही. हॉटेलला नाही, डॉक्टरला नाही, कोणालाच नाही. तेवढं एक ठरवलंय आयुष्यात."

मी म्हटलं, योग्य आहे. आणि खाली आले. आणि मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बराच वेळ बसले, कारण गुडघा दुखत होता.

२९ मे, गुरुवार

तत्त्व म्हणजे तत्त्व. एखादीने काही ठरवलं असेल तर ते मोडायला सांगणारी मी नव्हे. शिवाय मी कोणाकडे काही मागत नाही. मुलींकडून शिस्त घेतली, ती मागून नाही घेतली. बाबांकडे मागितलं नाही, दादाकडे नाही. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने घड्याळ दिलं, तेही मी मागितलेलं नव्हतं, आणि ते चालतही नाही.

पिवळा रंग मला आवडत नाही. फिका तर मुळीच नाही.

दुपारी वहिनीचा फोन, त्या काही बोलल्या का, म्हणून. मी म्हटलं, त्या तारे देत नाहीत, विषय संपला.

"वन्सं, मागा ना."

"मी मागत नाही."

"एकदा. माझ्यासाठी मागा."

हिच्यासाठी! महिन्याभरापूर्वी इकडे येऊ नका म्हणणारी हीच ना? मी येईन या धसक्याने बाईचा आवाज थरथरत होता. माणसाने किती आपलपोटं असावं.

३० मे, शुक्रवार

बाई साडेनऊला निघाल्या. चादरींच्या घड्या घालून. किल्ली टेबलावर, खुर्ची जागेवर. दारात म्हणाल्या, "येते." मी म्हटलं, "या." गेल्या.

मी वर जाऊन खिडकी लावली. खाली आले. भाजी निवडायला घेतली. तीन काड्या निवडल्या आणि घरातल्या सपाता पायात असताना, पदर खोचून, भर सकाळी बाजाराच्या रस्त्याने बसस्थानकाकडे धावत सुटले. दातवाला दाराशी उभा होता. "काय झालं ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "दाढ दुखतेय," आणि थांबले नाही.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. बस सुरू झालेली.

"तुम्हाला अभिप्राय लिहावा लागेल," मी खालून म्हटलं. दम लागला होता.

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. पण लिहिला नाहीत तर एक तारखेला माझं घर जाईल. भाऊ विकतोय. दोन अभिप्राय हवेत, एक आहे."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"मागायची सवय नाही."

"मग आता मागा."

"मागतेच आहे."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगताय. मला दिवसभर लोक असंच सांगतात."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी सपाता घालून, हातात कोथिंबिरीची काडी घेऊन, पन्नासएक माणसांसमोर म्हणाले, "लिहा हो. कृपा करा. मला दुसरीकडे राहायचं नाही."

त्यांनी काच ओढली आणि बस गेली.

परत येताना मुद्दाम हळू चालले. धावत आलेली बाई धावतच परत गेली असं कोणी म्हणायला नको.

३१ मे, शनिवार

सकाळपासून काही नाही. दुपारी दादा कागद घेऊन आला, सोबत दातवाला. दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं नाही. दादा म्हणाला, उद्याचं आजच उरकून टाकू. मी म्हटलं, होड्या अजून पाण्यात आहेत. तो घड्याळ बघत राहिला, दातवाला छत बघत राहिला. छताला पोपडे आले आहेत, ते त्याने लगेच दादाला दाखवले.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. चार तारे.

"इथे तुम्हाला कोणी काही विचारत नाही. निघताना मात्र मालकीणबाई मागे धावत येतात. एक तारा त्याचा कापला."

मी दादाला वाचून दाखवलं. त्याने माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः वाचलं. मग दातवाल्याने वाचलं. दातवाल्याला "कापला" शब्दाचा काय आनंद झाला कोण जाणे, पण दादाने कागदांची घडी घातली.

"या वर्षापुरतं ठीक आहे," म्हणाला.

"कायमचा बंद, म्हणाला होतास. तारीख आहे माझ्याकडे. दोन एप्रिल, बुधवार."

दादाने कागदांची घडी खिशात कोंबली. "बंद," म्हणाला.

त्यांना फाटकापर्यंत सोडलं. एक तारा मात्र अन्यायाने कापला आहे. उत्तर लिहायला घेतलं होतं, मग राहू दिलं.

२ जून, सोमवार

दुपारी वहिनीचा फोन. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "चारवर भागलं ना, वन्सं." हिला कसं कळलं? दादाने सांगितलं असेल, एरवी तिला काही सांगत नाही तो. मग म्हणाली, "वरची खोली रिकामी आहे का?"

"हंगाम संपलाय. कोणाला हवीय?"

"मला."

"दादा येतोय?"

"नाही."

"किती दिवस?"

"ते अजून ठरवलं नाही. गाडी साडेआठला पोचते." मागे वाहनांचा एवढा गोंगाट होता की पुढचं ऐकू आलं नाही. घरातून फोन करायचा सोडून ही रस्त्यात काय करत होती?

आठ पस्तीसला फाटकाशी आली. एक मोठी बॅग, एक पिशवी. चहा विचारला तर "हो" म्हणाली. "हो का" नाही, नुसतं "हो." दोन कप प्यायली. मी नियम सांगायला घेतले तर म्हणाली, "पाठ आहेत मला, एकतीसच्या एकतीस." सहाच तर छापलेत. पण असो, थकली होती.

नऊला फाटक लावलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी दादाचा फोन. "वहिनी तिकडे आहे का?" नमस्कार नाही, काही नाही. मी जिन्याकडे बघितलं. ती वरच्या पायरीवर कठडा धरून उभी होती. मला त्याचा विचारण्याचा सूर आवडला नाही, म्हणून म्हटलं, "इथे कोण राहतं ते मी फोनवर सांगत नसते. वसतिगृहातही सांगत नव्हते." आणि ठेवला. भावाचंच काय, कोणाचंही असंच करते मी.

मग तिचं सामान लावायला वर गेले. बॅग उघडी होती. खाली चांगल्या साड्या, कागदांचं एक पुडकं, आणि वर सगळे लोकरीचे कपडे. स्वेटर, शाल, दोन मोजे. जूनमध्ये. तीस वर्षं संसार करून या बाईला चार दिवसांचं सामान भरायची अक्कल आलेली नाही.

कपाटातले माझे जुने कागद काढून दोन कप्पे रिकामे करून दिले. तिसराही लागेल म्हणाली, तोही दिला.